पुशरॉडची लांबी: मार्कर, चेकर की बोल्टचे फेरे?

हेड फेस करून आणलं, गॅस्केट पातळ घेतलं, कॅमही बदलला. आता जुने पुशरॉड (कॅमची हालचाल वर रॉकरला पोचवणारे दांडे) चालतील का? शेव्हरोलेचं व्ही-८ बांधत असाल तर आधी रॉकर (पुशरॉडने हलून व्हॉल्व्ह दाबणारा भाग) कसा बसतो ते बघा, मोजायची पद्धत त्यावर ठरते.

जुन्या स्मॉल-ब्लॉकचा रॉकर स्टडवर नटाने बसतो. कॅम आणि पुशरॉडमधल्या लिफ्टरचा प्रीलोड, म्हणजे सैलपणा संपल्यावर तो आणखी जेवढा दाबून ठेवायचा तेवढा, नट आवळून मिळतो. पुशरॉडच्या लांबीवर ठरतं ते रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर कुठे आणि किती घासतो. म्हणून इथे मार्करच. टोक काळं करा, तात्पुरती मऊ स्प्रिंग लावा, लांबी कमी-जास्त होणारा चेकर घालून क्रँक दोन फेरे फिरवा. घासलेला पट्टा अरुंद हवा आणि मधोमध हवा. दोन्ही जमत नसेल तर मी अरुंदपणा धरतो, मध्य जरासा सोडतो.

१९९७ पासूनच्या एलएस मालिकेच्या व्ही-८ ला ही मेहनत वाया. रॉकर बोल्टने पक्का बसतो, पुशरॉड लांब घातला तरी पट्टा जागचा हलत नाही. इथे लांबी म्हणजेच प्रीलोड.

तो काढायला बरेच जण प्ले (सैलपणा) संपल्यापासून बोल्ट पूर्ण बसेपर्यंतचे फेरे मोजतात. फुकटचं काम, पण हिशेब चुकतो. बोल्टचे आटे १.२५ मिमीचे, म्हणून एका फेऱ्याला १.२५ मिमी धरलं जातं. रॉकर ही तरफ आहे! व्हॉल्व्हकडचं टोक अडलेलं असतं, त्यामुळे १.७ च्या रॉकरला पुशरॉडकडची बाजू फेऱ्यामागे जवळजवळ २ मिमी, म्हणजे ०.०७८ इंच दबते. जुने रॉड चालतील का एवढंच बघायचं तर फेरे मोजणं ठीक.

नवे मागवायचे असतील तर चेकरच घ्या. रॉकर पूर्ण टॉर्कवर आवळा, लिफ्टर कॅमच्या गोल (उचल नसलेल्या) भागावर ठेवा आणि वर-खाली प्ले जेमतेम संपेपर्यंत चेकर लांबवा. बोटाने फिरवून बघू नका, तेलामुळे फसगत होते. (जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर हात बसलेल्यांना ही सवय मोडायला वेळ लागतो.) आलेल्या लांबीत लिफ्टरवाल्याने सांगितलेला प्रीलोड मिळवा, साध्या हायड्रॉलिक लिफ्टरला बहुधा ०.०४० ते ०.०६० इंच.

आणि चेकर कॅलिपरने मोजलात तर ऑर्डर देताना तसं सांगा. पुशरॉडच्या टोकाच्या ५/१६ इंची गोळीला ०.१०० इंचाचं तेलाचं भोक असेल, तर दोन्ही टोकं मिळून ०.०१६ इंच कमी भरतात.