होजचा गेज की वायरलेस ट्रान्समीटर: कोकणात डायव्हिंग करणाऱ्याने काय घ्यावे?

तारकर्ली-मालवणला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स पूर्ण करून जे स्वतःचे साहित्य घेऊ लागतात, त्यांना एक निर्णय लवकरच घ्यावा लागतो. सिलिंडरमधील हवेचा दाब होजच्या (लवचीक नळीच्या) टोकाशी असलेल्या गेजवर पाहायचा, की फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसणाऱ्या, हवेचा दाब कमी करणाऱ्या भागावर) दाबाचा आकडा बिनतारी पाठवणारा ट्रान्समीटर बसवून मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर? माझ्या मते यात कोणते साधन कमी वेळा बिघडते, यापेक्षा बिघडल्यावर ते आपल्याला तसे कळू देते का, हे आधी पाहावे.

गेजमध्ये 1849 पासून माहीत असलेली बुर्दाँ नळी असते. दाब वाढला की ही वाकवलेली नळी सरळ होऊ पाहते आणि त्यावर काटा फिरतो. तिला बॅटरी लागत नाही. होज आणि गेज यांच्या सांध्यातील दोन बारीक ओ-रिंगांपैकी (रबरी कड्यांपैकी) एखादी झिजून बुडबुडे सुटणे, हा गेजचा नेहमीचा आजार आहे. पण तो बडीला, म्हणजे सोबतच्या जोडीदाराला, लगेच दिसतो आणि कोणत्याही डाइव्ह सेंटरवर थोडक्यात बरा होतो. हा होज फुटला, तरी त्याच्या तोंडाशी असलेले छिद्र अतिशय बारीक असल्यामुळे हवा सावकाश जाते आणि वर येण्यास वेळ मिळतो. खरा धोका अडकलेल्या काट्याचा असतो, कारण 80 बारवर (बार हे दाबाचे एकक) थबकलेला काटा हवा संपेपर्यंत 80 बारच दाखवत राहील. म्हणून व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, आणि डाइव्हनंतर व्हॉल्व्ह बंद करून हवा सोडल्यावर तो न अडखळता शून्यावर येतो ना, हे दर वेळी पाहावे.

ट्रान्समीटर बहुधा असा फसवत नाही. सिग्नल तुटला की कॉम्प्युटर तसे स्पष्ट दाखवतो. समुद्राचे पाणी रेडिओलहरी फार लवकर शोषते, त्यामुळे बहुतेक ट्रान्समीटर कमी वारंवारतेवर चालतात आणि त्यांचा पल्ला जेमतेम एक-दीड मीटर असतो. कॉम्प्युटर ट्रान्समीटरच्याच बाजूच्या मनगटावर बांधला, तर निम्म्या तक्रारी उरत नाहीत. कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा पाण्याखालील स्कूटरची मोटर जवळ असली की आकडा काही क्षण जातो आणि पुन्हा येतो. गार्मिन कंपनीने रेडिओऐवजी ध्वनिलहरी वापरल्या आहेत, त्यामुळे तिथे पल्ला बराच मोठा मिळतो. मात्र बॅटरी संपली किंवा सेन्सर गेला, तर हाती काहीच उरत नाही आणि डाइव्ह तिथेच थांबवावी लागते.

आणखी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. बोटीवरच्या घाईत सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडला गेला, तर श्वास घेताना गेजचा काटा प्रत्येक वेळी खाली झुकतो. ट्रान्समीटर काही सेकंदांच्या अंतराने आकडा पाठवतो, त्यामुळे ही क्षणभराची हालचाल त्यातून सहज निसटते.

हाताळणीत ट्रान्समीटर नाजूक आहे. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर एकदा बोटीवरच्या मुलाने माझे जोडलेले सिलिंडर उचलताना, मूठ समजून थेट ट्रान्समीटरच पकडला. ट्रान्समीटर वाचला, पण त्याच्या जोडाच्या बारीक मानेवर सिलिंडरचे सगळे वजन आले होते, आणि तो दोष त्या मुलाचा नव्हता, न सांगणाऱ्या माझा होता. तेव्हापासून साहित्य बोटीवर चढवण्याआधी मी ट्रान्समीटर सर्वांना दाखवतो. व्हॉल्व्हही हळू उघडावा. दाबाचा अचानक धक्का सेन्सरला मानवत नाही.

तेव्हा ज्याचे डायव्हिंग वर्षातून चार-सहा डाइव्हपुरते आहे, त्याने चांगला गेज घ्यावा. ट्रान्समीटरचा खर्च अनेक पटींनी अधिक आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात त्यावाचून अडत नाही. गढूळ पाण्यात फोटो काढणाऱ्याला मात्र मनगटावरचा आकडा आणि उरलेल्या हवेचा मिनिटांतील अंदाज खरोखर उपयोगी पडतो. त्याने दोन्ही लावावीत, कारण फर्स्ट स्टेजवर सहसा दोन हाय-प्रेशर पोर्ट (सिलिंडरचा पूर्ण दाब मिळणारी जोडणीची छिद्रे) असतात. किनाऱ्यापासून 100 किलोमीटरहून दूर असलेल्या आंग्रिया बँकेसारख्या (समुद्रात बुडालेल्या प्रवाळी पठारासारख्या) ठिकाणी जाणार असाल, तर तिथे दुरुस्ती नाही. दोन्ही साधने आणि बॅटरीच्या झाकणाच्या ओ-रिंगसह एक सुटी बॅटरी सोबत असलीच पाहिजे. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असताना ट्रान्समीटरमधील बॅटरी काढून ठेवावी, कारण कोकणातल्या त्या चार महिन्यांच्या दमट हवेत गळलेली बॅटरी आतले संपर्कबिंदू खाऊन टाकते.