झुलू राणीचा भाड्याचा सेट: काय घ्यावं, काय सोडावं

सदाशिव पेठेतल्या एका ड्रेपरीत ‘आफ्रिकन राणी’ असा सेट भाड्याने मिळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचा राजा म्पांडे (कारकीर्द १८४० ते १८७२) याच्या राण्यांवर एकांकिका बसवणाऱ्यांनी त्यातला घागरा आणि माळा जरूर घ्याव्यात. मुकुट आणि बिबट्याच्या छापाची शाल दुकानातच ठेवावी.

बिबट्याचं कातडं राजाचं आणि राजघराण्यातल्या पुरुषांचं. मुकुटाने तर नाटकच बिघडतं. मुकुटवाली दिसली की प्रेक्षक तिला पट्टराणी धरून मोकळा होतो, आणि इथे सगळा पेच तोच आहे: गादी न्गुंबाझी राणीच्या मुलाला, सेचवायोला, की मोनासे राणीच्या म्बुयाझीला? म्पांडे वारसाबाबत डळमळत राहिला. डिसेंबर १८५६ मध्ये थुगेला नदीजवळ न्डोंडाकुसुकाला हे सावत्र भाऊ लढले आणि म्बुयाझी मारला गेला. राजवाड्याच्या वरच्या अंगाला, बाहेरच्या पुरुषाला मज्जाव असलेल्या इसिगोडलो या राणीवशात राहणाऱ्या या बायकांची सगळी भिस्त मुलांवर होती. दोघींना सारखाच पोशाख द्या, मग हा ताण आपोआप दिसतो.

डोक्यासाठी सेटमध्ये रुंद लाल टोपी आहे, पण ती नंतरच्या काळातली. तेव्हा लग्न झालेल्या बाईचं डोकं भादरून टाळूवर छोटा बुचडा ठेवत आणि त्याला लाल माती व चरबी चोळत. टक्कल टोपावर सुती दोऱ्याचा बुचडा शिवा. गेरू खोबरेल तेलात कालवू नका, दिव्यांच्या उष्णतेने ओघळून कपाळावर येतो. फेविकॉलमध्ये कालवून लावा आणि रात्रभर वाळू द्या.

घागऱ्याचा घेर उत्तम, चुण्याही नीट बसल्यात. फक्त तो रेक्झिनचा असल्याने चकाकतो आणि चालताना करकरतो. मूळ झुलू घागरा, म्हणजे इसिद्वाबा, गुरांच्या कातड्याचा, घासून मऊ केलेला आणि कोळशाने काळा केलेला असे. दुकानात स्वेडसारख्या कापडाचाही एक आहे, तो आवर्जून मागा.

माळा काचेच्या आहेत, हे फार छान. नाच असेल तर दोरा बदलून घ्या, सुती दोरा घामाने सैल होतो आणि मणी घरंगळतात. गळ्यातलं कडं मात्र सोनेरी प्लास्टिकचं आहे. त्याऐवजी तांबट आळीतून पोकळ पितळी नळीचं करून घ्या. भरीव कडं मानेला पेलत नाही. मागे चार बोटं फट ठेवायला सांगा, नाहीतर ते घालता येत नाही.

अनामत रकमेतून तुटलेल्या मण्यांचे पैसे कापतात. माळा ताब्यात घेतानाच दुकानदारासमोर फोटो काढून ठेवा.