सव्वीस हजार तास चाललेली ‘नवी’ हार्ड डिस्क आणि जिन्याखालचं दुकान

पीसीच्या डब्यात साठवणीसाठी जादा हार्ड डिस्क जिन्याखालच्या एका दुकानातून बसवून घेतली, त्या दुकानाचा हा रिव्ह्यू. आधी हिशेब. २ टीबीची सीगेट बाराकुडा, पक्क्या बिलासह ५,९०० रुपये. साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) ८०. फिटिंगचे २००. कॅबिनेट साफ केल्याचे दुकानदाराने मागितले नाहीत, मीच ५० दिले. वेळ चहा धरून पाऊण तास. पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला ते पुढे येईल.

याच कामासाठी आधी ज्या दुकानात गेले, तिथे माझे आठ दिवस आणि ५०० रुपये गेले, तेही लिहिणार आहे. नाव मात्र दोन्ही दुकानांचं देत नाही. पहिल्याशी भांडण मिटलंय. दुसरा स्वतःच हात जोडून म्हणाला, “अक्का, नाव नका टाकू. उन्हाळ्यात पीसी तापले की रांग लागते, त्यात अजून गर्दी नको.” असा दुकानदार सोलापुरात पहिल्यांदाच बघितला.

मी टॉवेल आणि चादरींची जेकार्ड डिझाइनं, म्हणजे विणतानाच कापडात उठणारी नक्षी, काढते. घर अशोक चौकाच्या मागच्या बाजूला. खाली दिरांचे चार माग, वर माझं टेबल. वडील हेच काम कागदावर करायचे. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगीत पेन्सिलीने भरायचे, मग त्यावरून पंचिंगवाला पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचा. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्डला पेनड्राइव्हवर फाइल नेऊन दिली की काम झालं. पण वडिलांचे ते ग्राफ पत्र्याच्या दोन पेट्यांत पडून आहेत, मोजले तर २,३०० च्या वर. मागच्या पावसाळ्यात एका पेटीच्या तळाला वाळवी दिसली आणि मी सगळे स्कॅन करायला घेतले.

ए थ्री आकाराचा कागद ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केला आणि टिफ फाइलमध्ये न दाबता ठेवला, तर एक पान २०९ एमबी होतं. सगळी पानं धरली तर पाचशे जीबीच्या आसपास. माझ्या पीसीत ५१२ जीबीचा एकच एसएसडी (फिरती चकती नसलेली, वेगवान डिस्क), तो विंडोजला ४७६ दिसतो, आणि त्यातले निम्मे आधीच कामाच्या फाइलींनी खाल्लेले. जेपेग करून टाक, असं मुलगा म्हणाला. पण जेपेगमध्ये चौकोनाच्या कडा पुसट होतात, लाल आणि केशरी एकमेकांत मिसळतात. ग्राफमध्ये एक चौकोन इकडचा तिकडे झाला की मोराची मान वाकडी.

यूएसबीची बाहेरची डिस्क घेणार नव्हते. आमच्या घरात टेबलावरची वायर कोणीही ओढतो, भाचा तर ओढण्यासाठीच येतो. २ टीबीच्या एसएसडीचा भाव विचारला तर जवळपास दुप्पट. नुसतं साठवून ठेवायला तेवढा वेग काय करायचा? म्हणून ठरवलं, डब्यातच साडेतीन इंची साधी हार्ड डिस्क बसवून घ्यायची.

पहिलं दुकान मोठं, काचेचं, एसी असलेलं. “मॅडम, सीपीयू ठेवून जा, उद्या न्या.” ठेवून आले. ४,२०० घेतले, बिल नाही, खोकं नाही. “ओईएम माल असाच येतो.” हे तसं खोटं नाही, सुटी डिस्क चंदेरी पिशवीतच येते. घरी आणून चालू केला आणि खालचे माग बंद असताना सुद्धा डब्यातून करकर ऐकू यायला लागली. तीन दिवसांनी मुलाने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दाखवलं. त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’ म्हणून एक रकाना असतो. डिस्क जन्मल्यापासून किती तास चालली, ते डिस्क स्वतःच लिहून ठेवते. माझ्या नव्या डिस्कचे तास होते २६,३१२. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे तीन वर्षं, एक दिवस सुट्टी न घेता! कुठल्या तरी सीसीटीव्हीच्या डब्यातून काढून पुसून दिलेली असणार. घरातल्या पीसीची डिस्क रात्रंदिवस अशी चालत नाही.

डबा उघडला तर अजून एक. डिस्क चारऐवजी एका स्क्रूवर लटकवलेली, आणि वीज दिलेली जुन्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगवरून साटा करणाऱ्या जोडवायरीने. या जोडवायरीत दोन प्रकार येतात. ज्यात प्लास्टिक वितळवून तारांभोवती ओतलेलं असतं, त्यात आतल्या आत तारा चिकटून जळाल्याची उदाहरणं आहेत. माझी त्याच प्रकारची. परत नेली. “मॅडम, चालतीय ना, मग काय प्रॉब्लेम?” पाऊण तास हुज्जत घालावी लागली, शेवटी ३,७०० हातावर ठेवले. ५०० फिटिंगचे कापले. एका स्क्रूचे ५०० रुपये.

आता दुसरं दुकान. नवी पेठेत कपड्यांच्या दुकानांच्या मागच्या बोळात एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. उंच माणसाला डोकं वाकवून आत जावं लागतं. मालक पंचविशीचा, हाताखाली एक पोरगा. सीपीयू स्कूटीवर पायांत धरून नेला. नवी पेठेत संध्याकाळी स्कूटी लावायची म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. बोर्डावर दहाची वेळ लिहिलीय आणि साडेअकराला शटर वर जातं. अर्ध्या ताऱ्यातला पाव इथे गेला.

मी पहिली गोष्ट सांगितली तर तो हसला. शेल्फवरून सीलबंद पिशवी काढली, कात्री माझ्या हातात दिली. “तुम्हीच फोडा. आणि बसवायच्या आधी तास बघा.” त्याने डिस्क स्वतःच्या टेबलावरच्या पीसीला उघडीच जोडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तास शून्य, किती वेळा चालू केली त्याचा आकडा १. खराब सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) बदलल्याची नोंद शून्य. नंतर सीगेटच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख दाखवली, या मॉडेलला २ वर्षांची असते. मी विचारलं, हे तास कुणी पुसू शकत नाही का? म्हणाला, पुसतात की. पण सीगेटमध्ये ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद असते, बहुतेक पुसणारे तिथपर्यंत जात नाहीत. तेही काळ्या खिडकीत कमांड मारून दाखवलं. तिथेही शून्य.

मग डबा उघडला. पुढच्या जाळीवर आणि पंख्यावर सुताच्या तुसाचा असा थर होता की वाकळ शिवता आली असती. पोरगा तोंडाला रुमाल बांधून ब्लोअर घेऊन बाहेर बोळात गेला. पंखा बोटाने धरून हवा मारत होता. पंखा मोकळा सोडला तर हवेने गरागरा फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं, हे मला तिथे कळलं. इतकी वर्षं मी व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून पंखा भिंगरीसारखा फिरवत होते, वर मजाही वाटायची.

डिस्क खालच्या खणात घालणार होता, तेवढ्यात विचारलं, “पीसी ठेवता कुठं?” वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, एसी नाही. “मग मधल्या खणात घालतो, पंख्यासमोर.” पोरग्याने स्क्रू आणून दिले तर हा ओरडला, “ए, बारीक नको बे, डीव्हीडीचे आहेत ते. जाड आटे आण.” हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, बारीक घातले तर धरत नाहीत, उगाच फिरत राहतात. मला तळहातावर दोन्ही ठेवून दाखवले. चारही भोकांत स्क्रू लावले, आधी चारही सैल आणि मग एकेक घट्ट. आमच्याकडे मागाच्या पट्टीचे बोल्ट असेच कसतात.

विजेसाठी जोडवायर लागलीच नाही. पॉवर सप्लायची साटाची मोकळी पिन तारांच्या जुडग्यात झिप टायने बांधून मागे कोंबलेली होती. पहिल्या दुकानाने ती शोधायचे कष्ट घेतले नव्हते, एवढंच. साटाच्या दोन्ही पिनांची खाच एलसारखी असते, उलटी घालायची म्हटलं तरी जात नाही. विजेची रुंद, १५ टोकांची. डेटाची अरुंद, ७ टोकांची.

आणि एवढं सगळं नीट करून पीसी चालू केला तर डिस्क दिसेचना. माझ्या पोटात गोळा. त्याने मात्र कपाळाला हात लावला आणि स्वतःलाच एक शिवी दिली. झालं असं होतं की माझा एसएसडी एम डॉट टू नावाच्या, बोर्डावरच्याच खाचेत बसलेला आहे, साटा जातीचा. अशा बऱ्याच बोर्डांत ती खाच वापरली की साटाच्या पोर्टांतलं एखादं आपोआप बंद पडतं, आणि बंद पडलेलं ते कोणतं हे बोर्डाच्या पुस्तकात बारीक अक्षरात छापलेलं असतं. याने नेमकं त्याच पोर्टात केबल खुपसली होती. शेजारच्या पोर्टात घातली, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) नाव झळकलं. नेमकं हेच घरी मी करत बसले असते तर नवी डिस्क मेलेली समजून परत करायला निघाले असते.

विंडोजमध्येही नवी डिस्क लगेच ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही. ती डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘नॉट इनिशियलाइज्ड’ म्हणून काळ्या पट्टीत पडून असते. तिथे त्याने माउस माझ्याकडे दिला. “अक्का, डिस्क शून्य आणि डिस्क एक, दोघींचं माप मोठ्याने वाचा, मग क्लिक करा.” एक ४७६ जीबी, दुसरी १८६३ जीबी. दुसरीवर जीपीटी (डिस्कचे भाग पाडायची पद्धत) निवडलं, एनटीएफएस (फाइली मांडायची पद्धत), क्विक फॉरमॅट, नाव ‘ग्राफ’. चुकीच्या ओळीवर क्लिक करून लोक जुनाच डेटा उडवतात, म्हणून तो सगळ्यांना असं वाचायला लावतो म्हणे. २ टीबीची १.८१ कशी झाली, हेही विचारून घेतलं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. चोरी कुठेच नाही, फक्त वजनमापं दोन.

आता डिस्कविषयी, दोन महिने वापरून. ही मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची, २५६ एमबी कॅशची (आतल्या तात्पुरत्या मेमरीची) आहे, पण एसएमआर जातीची. म्हणजे डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून लिहिलेले. मधलं कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं आतला डेटा बदलताना हिला दम लागतो. पहिल्या दिवशी २०० जीबी एका दमात ओतले तेव्हा सुरुवातीला वेग सेकंदाला १७०–१८० एमबी होता, मधेच ४० वर यायचा, परत उठायचा. स्कॅन एकदा टाकून नंतर नुसते बघायचे असतील तर काही अडत नाही. तिच्यावर विंडोज टाकायचं किंवा व्हिडिओ एडिट करत बसायचं असेल तर घेऊ नका, चिडाल. आवाज आहे, पण करकर नाही, हलकी टकटक. माग चालू असले की ऐकूच येत नाही.

मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना दुपारी तीनला डिस्कचं तापमान ४६ दाखवत होतं. कंपनी ६० पर्यंत चालेल म्हणते. खालच्या खणात असती तर किती झालं असतं कोण जाणे. तरी दुपारी दोन ते चार मीच बंद ठेवते. त्या वेळात मलाही पत्र्याखाली बसवत नाही.

उरलेला पाव तारा बिलाचा. बिलावर डिस्कचा सीरियल नंबर त्याने आपणहून लिहिला नव्हता, मी मागून घेतला. वॉरंटीच्या वेळी त्याच्यावरूनच भांडणं होतात. केबलही जरा आखूड दिली, डब्याचं झाकण लावताना ताणते.

निघताना त्याने विचारलं होतं, “दुसरी प्रत कुठाय?” मी म्हटलं, हीच की. “ही कशी? एकाच डब्यात दोघी. पॉवर सप्लाय उडाला तर दोघी एकदम जातील.” बाहेरची डिस्क विकायची संधी होती, तरी म्हणाला, आता घेऊ नका, पैसे जमले की घ्या, तोपर्यंत कागद फेकू नका. कागद फेकायचा प्रश्नच नव्हता. वडील ऐंशीच्या घरात आहेत आणि रोज संध्याकाळी पेटी उघडून स्कॅन झालेली पानं मोजतात.

डब्याच्या झाकणाचा एक स्क्रू त्याच्या टेबलावरच राहिलाय. फोन केला तर म्हणाला, डबीत ठेवलाय, नवी पेठेत आलात की न्या. साडेअकरानंतर.