बंद होताना कोसळणारा संगणक आणि नाशिकमधील दुरुस्तीचे एक दुकान

इंदिरानगरमधील घराच्या पुढच्या खोलीत मी गेली अनेक वर्षे डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि अधूनमधून एखादा कवितासंग्रह, असे कामाचे स्वरूप असल्यामुळे तुळशीचे लग्न लागले की माझा संगणक सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत चालू असतो. तो दिवसभर एकदाही अडखळत नसे. मात्र रात्री ‘शट डाऊन’ केले की पडद्यावरचे गोल चक्र बराच वेळ फिरत राही, मग क्षणभर विंडोज कोसळल्याचे सांगणारा निळा पडदा दिसे आणि बंद होण्याऐवजी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई. जेवायला उठताना ‘स्लीप’मध्ये ठेवला तरीही हाच प्रकार घडे. दिवसभर उत्तम चालणाऱ्या आणि निजतानाच त्रास देणाऱ्या या यंत्राची नीट चिकित्सा महात्मा गांधी रस्त्याजवळच्या एका दुकानात झाली, आणि हा अभिप्राय त्या दुकानाविषयी आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. आहे तेच काम वेळेत उरकत नाही, त्यात आणखी गर्दी नको, असे त्यांचे म्हणणे पडले.

त्या दुकानात जाण्यापूर्वी जे घडले ते सांगितल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. १९ नोव्हेंबर रोजी मी ओळखीतून एका तंत्रज्ञाला घरी बोलावले होते. त्याने विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे संगणकातील घडामोडींची नोंदवही, उघडला, ‘कर्नल-पॉवर’ या नावाखालची ४१ क्रमांकाची लाल नोंद मला दाखवली आणि ‘पॉवर’ हा शब्द वाचूनच वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, खराब झाल्याचा निर्वाळा दिला. अर्ध्या तासात त्याने नवा एसएमपीएस बसवला, एक आज्ञा देऊन ‘हायबरनेशन’, म्हणजे उघडे काम डिस्कवर लिहून संगणक पूर्ण बंद करण्याची सोय, कायमचे बंद केले, जुना डबा सोबत नेला आणि पैसे घेऊन तो गेला. पुढचे दोन-तीन दिवस शट डाऊन सुरळीत झाले, तेव्हा मलाही त्याचे म्हणणे पटले. त्यानंतर मात्र एक नवेच दुखणे सुरू झाले. रात्री स्लीपमध्ये ठेवलेला संगणक सकाळी जागा केला की तो थेट पहिल्यापासून सुरू होई, आणि आदल्या रात्री उघडी ठेवलेली, जतन न केलेली पाने गेलेली असत. निळा पडदा नाही, संदेश नाही, काही नाही. आगीतून फुफाट्यात पडणे म्हणजे काय, ते एका पतसंस्थेच्या ताळेबंदाची सहा पाने पुन्हा जुळवताना मला समजले.

अखेर आपण सगळे ज्याला सीपीयू म्हणतो तो डबा रिक्षात घालून मी त्या दुकानात गेले. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि वर पोहोचेपर्यंत डबा कोणीही उचलायला येत नाही, हे आधीच नमूद करते. तपासणीचे ४०० रुपये अगोदर घेतले जातात आणि दुरुस्ती करून घेतली नाही तरी ते परत मिळत नाहीत, अशी पाटी तेथे लावलेली आहे. ही पाटी प्रथम मला खटकली; परंतु निदानाचे पैसे उघडपणे घेणाऱ्या माणसाला सुटा भाग विकण्याची घाई नसते, हे पुढे चार दिवसांत माझ्या ध्यानात आले.

मालकांनी डबा उघडण्यापूर्वी मला पाचसहा प्रश्न विचारले. “ताई, रीस्टार्ट केल्यावर पण असंच होतं का?” हा त्यांतला पहिला. क्वचितच होते, असे मी सांगितल्यावर त्यांनी जे समजावले ते मला ठाऊक नव्हते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाऊन केल्यावर संगणक पूर्वीसारखा पूर्णपणे रिकामा होत नाही. वापरणाऱ्याचे कार्यक्रम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्याला जोडलेले ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, यांची त्या क्षणीची स्थिती डिस्कवरील एका फाइलमध्ये गोठवून ठेवली जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशी संगणक लवकर सुरू होतो. या सोयीला ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणतात. रीस्टार्टमध्ये मात्र असे गोठवणे नसते. तेथे सर्व काही खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होते. म्हणून शट डाऊन आणि स्लीप या दोन्ही वेळी कोसळणारा, पण रीस्टार्टला बहुधा शहाण्यासारखा वागणारा संगणक पाहिला की संशय जातो तो निजण्याची आज्ञा न पाळणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरवर. यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते आणि वीज गेली नव्हती त्या रात्रीही काम नाहीसे झाले का, हेही त्यांनी विचारून घेतले. वीज न गेलेल्या रात्रीही ते झाले होते.

पुढचे काम त्यांच्या हाताखालच्या मुलीने केले, आणि या अभिप्रायातील सर्वांत जास्त गुण मी तिला देते. तिने तीच ४१ क्रमांकाची नोंद उघडली; पण नाव वाचून न थांबता तिने नोंदीच्या तपशिलात जाऊन ‘बगचेक कोड’ या रकान्यातील आकडे एका कागदावर तारीखवार उतरवले. ४१ ही नोंद मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता एवढेच सांगते, कारण सांगत नाही, हे तिने मला पहिल्या वाक्यातच स्पष्ट केले. १९ नोव्हेंबरपूर्वीच्या सर्व नोंदींत १५९ हा आकडा होता. त्यानंतरच्या काही नोंदींत १५९ होता, पण बहुतेकांत शून्य होते. १५९ हा आकडा संगणकाच्या सोळाच्या पायातील लिखाणात ९एफ असा होतो, आणि तो ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ या निळ्या पडद्याचा क्रमांक आहे. शून्य याचा अर्थ विंडोजला निळा पडदा दाखवण्याचीही सवड मिळाली नाही, पायाखालची वीजच गेली. “म्हणजे आजार दोन आहेत,” असे म्हणून तिने कागदाच्या मध्ये रेघ ओढली. तो कागद मी जपून ठेवला आहे.

पहिल्या आजाराचा तपास विंडोजच्या ‘मिनीडंप’ या फोल्डरमधून झाला. निळा पडदा येतो तेव्हा त्या क्षणाची छोटी नोंद तेथे साठवली जाते आणि मायक्रोसॉफ्टच्याच ‘विनडीबीजी’ या साधनाने ती वाचता येते. माझ्या संगणकात अशा चार फाइली होत्या, आणि चारहींमध्ये एकाच ड्रायव्हरचे नाव आले: यूएसबीला लावलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या वाय-फाय अॅडॅप्टरचे. विंडोज प्रत्येक उपकरणाला झोपण्याची सूचना पाठवते आणि होकाराची वाट पाहते. हा ड्रायव्हर ती सूचना घेऊन तसाच बसून राहत होता, आणि ठराविक मुदत उलटली की विंडोज हात टेकत होते. माझा स्वतःचा संशय मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरसोबत आलेल्या डोंगलवर, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालण्यासाठी लावाव्या लागणाऱ्या किल्लीवजा वस्तूवर, होता, कारण तोही यूएसबीलाच असतो आणि फारच जुना आहे. तिने माझा संशय हसण्यावारी नेला नाही. तिने आधी डोंगल काढून संगणक वारंवार झोपवून पाहिला, तेव्हा तो कोसळला. मग डोंगल पुन्हा लावून वाय-फायचे अॅडॅप्टर काढले आणि सलग वीस वेळा झोपवून उठवला. एकदाही अडचण आली नाही. शेवटी अॅडॅप्टर परत लावले, तर तिसऱ्याच वेळी निळा पडदा उभा राहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काढून पाहिलेली वस्तू पुन्हा लावून खात्री करायची, ही शिस्त ऐकायला साधी आहे; प्रत्यक्षात ती पाळणारे दुकान मी प्रथमच पाहिले.

या दोषावर नवा ड्रायव्हर घालून पाहण्यात आला, पण त्याने कोसळणे कमी झाले, थांबले नाही. नवे अॅडॅप्टर घेण्याची माझी तयारी होती. त्यावर मालकांनी विचारले, “राउटर कुठे आहे तुमचा?” तो टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, संगणकापासून दोन हातांवर आहे. त्यांनी दीडशे रुपयांची लॅनची वायर दिली आणि अॅडॅप्टर पिशवीत घालून परत केले. खपवता आली असती अशी वस्तू न खपवणारा दुकानदार दुर्मीळ असतो.

दुसरा आजार अधिक बोधप्रद होता, कारण तो घरी आलेल्या तंत्रज्ञाच्या उपचारातूनच जन्मला होता. स्लीपमध्ये संगणकाचा बहुतेक भाग बंद असला तरी रॅमला वीज लागते, कारण उघडे काम तेथेच राहिलेले असते. ही वीज एसएमपीएसच्या पाच व्होल्टच्या ‘स्टँडबाय’ वाहिनीतून येते; मदरबोर्डला जाणाऱ्या जाड जोडणीतली जांभळी तार ती हीच. तिचा दाब पाच टक्क्यांपेक्षा जास्त खालीवर होऊ नये, म्हणजे तो ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान राहावा, असा दंडक आहे. संगणक झोपवून मुलीने मल्टिमीटर लावला, तेव्हा आकडा ४.६ च्या आसपास आला आणि हळूहळू आणखी खाली सरकू लागला. नव्याने बसवलेला स्वस्त डबा दिवसा सगळा भार नीट पेलत होता. रात्रीचे हलके ओझेच त्याला झेपत नव्हते.

तरीही काम नाहीसे होण्याचे कारण एवढेच नव्हते, आणि येथे मालकांच्या अनुभवाचा उपयोग झाला. टेबलावरच्या संगणकांत विंडोज सहसा ‘हायब्रिड स्लीप’ वापरते. म्हणजे उघडे काम रॅममध्ये ठेवतानाच त्याची एक प्रत डिस्कवरही लिहून ठेवते, जेणेकरून मध्येच वीज गेली तरी ते परत आणता यावे. ही सोय हायबरनेशनच्या फाइलवर अवलंबून असते. फास्ट स्टार्टअपही त्याच फाइलवर चालते. त्या तंत्रज्ञाला फक्त तेवढे बंद करायचे होते, पण त्याने ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने हायबरनेशनच समूळ काढून टाकले, आणि त्याबरोबर खालची जाळीही गेली. एकीकडे डळमळीत डबा आणि दुसरीकडे काढलेली जाळी, अशा दोन चुका एकत्र आल्यामुळे माझी सहा पाने गेली. वास्तविक, कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये पॉवरचे बटण काय करते हे ठरवण्याचे जे पान आहे, तेथे फास्ट स्टार्टअपपुढची खूण काढली की तेवढेच बंद होते आणि हायबरनेशन शाबूत राहते. ज्यांना आपल्या संगणकाच्या शट डाऊनवर शंका असेल त्यांनी हे घरीच करून पाहायला हरकत नाही. त्यासाठी कोणाला बोलावण्याची गरज नाही. ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘ए’ हा पर्याय जोडला की आपल्या यंत्राला झोपेचे कोणते प्रकार उपलब्ध आहेत आणि कोणते का नाहीत याची यादी मिळते, हेही मी तेथेच शिकले.

एसएमपीएस बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याचे १,९०० रुपये, मजुरीचे ६०० आणि वायरचे १५०, तपासणीशिवाय एवढा खर्च आला. काढलेला डबा त्यांनी मागितल्याशिवाय परत दिला. विंडोज पुसून नव्याने घालण्याचा प्रस्ताव त्यांच्याकडून एकदाही आला नाही, आणि डीटीपी करणाऱ्यांना यातले सुख वेगळे सांगायला नको. फॉन्ट, त्यांची सॉफ्टवेअर आणि कीबोर्डची मांडणी पुन्हा बसवण्यात आठवडा जातो. विंडोज १० साठीचे मोफत सुरक्षा-अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्याची आठवण मात्र त्यांनी करून दिली. माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून नवे यंत्र आज ना उद्या घ्यावे लागेल, असेही ते म्हणाले; कोणते घ्यावे हे विचारल्यावर त्यांनी लग्नसराई संपल्यावर या, असे सांगितले.

उणिवाही सांगायला हव्यात. चार दिवसांत एकदाही त्यांच्याकडून फोन आला नाही, प्रत्येक वेळी मीच केला आणि तीनपैकी दोनदा तो कोणी उचलला नाही. काम हाती घेण्यापूर्वी माहितीची प्रत घेतली आहे का, हे त्यांनी स्वतःहून विचारायला हवे होते. मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी माझ्याच बाहेरच्या डिस्कवर ती काढून दिली. पासवर्ड त्यांनी एका वहीत लिहून घेतला आणि वही काउंटरवर उघडीच होती, म्हणून घरी आल्यावर मी तो बदलला. बिलावर केवळ ‘रिपेअरिंग’ असे लिहिले होते, कोणता ड्रायव्हर घातला याचा उल्लेख नव्हता. मागितल्यावर मुलीने मागच्या बाजूला पेनाने लिहून दिला. महात्मा गांधी रस्त्यावर संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे डबा घेऊन जाणाऱ्यांनी सकाळी अकराच्या आत जावे. लॅपटॉप ते घेतात, पण त्यासाठी रांग अधिक मोठी आहे.

संगणक घरी आणून आज साडेतीन आठवडे झाले आहेत. ४१ क्रमांकाची एकही नवी नोंद नाही. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी मी आता तेवढे पाहून घेते.