फसायचंच असेल तर कुठे फसावं? थिएटरातला पडेल पिक्चर की घरातली रटाळ सिरीज

शनिवारची संध्याकाळ मोकळी मिळाली आहे. एकीकडे कालच लागलेला पिक्चर, दुसरीकडे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जिच्यावरून वाद चाललेत ती आठ भागांची सिरीज. कुठलं चांगलं आहे हे सांगायला माणसं पुष्कळ आहेत. पहिला शो सुटायच्या आत यूट्यूबवर त्यांचे निकाल लागलेले असतात. मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. दोन्ही भिकार निघाले असं धरून चला, आणि मग ठरवा की त्यातल्या त्यात कुठे फसलेलं परवडेल.

ऐकायला हे जरा कडू वाटेल. पण चांगली गोष्ट लोकलमध्ये उभ्याने, मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावरही चांगलीच वाटते. वाईट गोष्टीचा त्रास किती होणार, हे मात्र ती कुठे पाहिली यावर बरंच अवलंबून असतं. तिकिटाचे दर, ॲपची वर्गणी, पडदा, आवाज हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

आधी थिएटरच्या तक्रारी, कारण त्या खऱ्या आहेत. मुंबईत पिक्चरला जायचं म्हणजे दिवसाचा चांगला मोठा तुकडा मोडतो. आम्ही गोरेगावला राहतो. रविवार असेल तर आधी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघायचं, मग शो ठरवायचा. मल्टिप्लेक्सात चौघं गेलो की तिकीट, पॉपकॉर्न आणि रिक्षा मिळून महिन्याच्या हिशेबात एक वेगळी ओळ लागते. पुढे बसलेला गृहस्थ मोबाइल पूर्ण उजेडात उघडतो. आणि पिक्चर फुसका निघाला तर तो पुढे ढकलता येत नाही. हिरो चौथ्यांदा धुरातून संथ गतीने चालत येतो तेव्हा तुम्हालाही त्याच्याच गतीने बसावं लागतं.

पण पिक्चर पडतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. शुक्रवारी लागला, सोमवारी दुपारी थिएटर रिकामं, पुढच्या शुक्रवारी पोस्टर उतरलं. 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' आठवत असेल. २०१८ च्या दिवाळीत लागला, पहिल्याच दिवशी ५० कोटींच्या वर कमावले आणि वीकेंड सरायच्या आत लोकांनी एकमेकांना सावध केलं. नंतर आमिर खानने स्वतः जाहीरपणे जबाबदारी घेतली आणि प्रेक्षकांची माफी मागितली. 'आदिपुरुष' जून २०२३ मध्ये आला, तेव्हा संवादांवरून इतका गदारोळ झाला की काही दिवसांत संवाद बदलून नवी प्रत दाखवावी लागली. रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब रोज संध्याकाळी येतो, त्यामुळे थिएटरात प्रेक्षकाचा थोडा तरी धाक उरलाय.

आता याच्या शेजारी 'गेम ऑफ थ्रोन्स' ठेवा. २०११ ते २०१९, एकूण ७३ भाग. आपल्याकडे लोक सोमवारी पहाटे उठून नवा भाग बघत होते, ऑफिसला जायच्या आधी. शेवटच्या सीझनने इतका विरस केला की तो पुन्हा नव्याने करावा अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. झालं काय? काही नाही. जी आठ वर्षं आपण दिली ती दिली. पिक्चरला फार तर तीन-साडेतीन तास देतो, आणि तेवढ्यात तो शेवटपर्यंत पोचून मोकळाही होतो.

सिरीजची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल याने आधीच ठरवून टाकलंय. घरी पाय पसरता येतात. जुलैच्या पावसात अंधेरीचा सबवे तुंबला असताना बाहेर पडावं लागत नाही. मध्येच कुकर लावता येतो, कपड्यांच्या घड्या होतात, कंटाळा आला तर दीडपट वेगाने पळवता येते, झोप लागली तर कुणी कोपराने ढोसत नाही. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर पुढची चर्चाच नको, सिरीज घ्या. रात्रपाळी करणाऱ्यांचंही तेच. आणि तत्त्वतः पहिल्या भागानंतर बंद करण्याचं स्वातंत्र्य तुमच्याच हातात असतं.

तत्त्वतः. माझ्या पाहण्यात तरी ते कुणी वापरत नाही. कारण प्रत्येक रटाळ सिरीजचा एक वकील असतो. आमच्या ऑफिसात तो अकाउंट्समध्ये बसतो. "पहिले तीन भाग सोड रे, चौथ्यापासून पकड घेते." चौथ्यात घेतली नाही तर सहाव्यात घेणार असते. तोवर चार-पाच तास गेलेले असतात आणि आता सोडलं तर ते फुकट जातील म्हणून आणखी दोन जातात. थिएटरात हा प्रश्न मध्यंतराने सोडवलाय. आपल्याकडे इंग्रजी पिक्चरसुद्धा मध्येच कापून दिवे लावतात, त्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण वाईट पिक्चरमध्ये ती दहा मिनिटं देवासारखी येतात. उजेडात बायकोकडे बघायचं, तिने भुवई उचलली की चपला शोधायच्या.

हे सगळं असूनही बरेच दिवस मी दोन्हीकडे सारखाच फसत होतो. माझं पारडं ज्या गोष्टीने झुकवलं ती अगदी किरकोळ आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलताना दिसत नाही. ॲप उघडलं की वरच्या बाजूला येते ती 'पाहणं सुरू ठेवा'ची रांग.

एक गुन्हेगारी सिरीज होती, नाव सांगत नाही. पाचव्या भागात आम्ही हात टेकले. गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला तर त्या इन्स्पेक्टरचा चेहरा, तोंड अर्धवट उघडं, खाली निम्मी भरलेली लाल रेघ. तिसऱ्या दिवशी तोच. बातम्या बघायला बसा, मुलाला कार्टून लावून द्या, पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवा, आधी त्या माणसाचं दर्शन. उधारीची आठवण करून देणाऱ्या वाण्यासारखा तो रोज दारात. विसरायचं म्हटलं तरी कसं विसरणार?

काढून टाकता येतं, हे मला माहीत आहे. नेटफ्लिक्सने त्या रांगेतून नको ते उडवायची सोय २०२२ च्या जानेवारीत दिली, इतरांकडेही कमीअधिक तसं काही असतं. पण टीव्हीच्या रिमोटवरून ती सोय शोधणं हे वेगळंच काम आहे. आमच्या घरी आणखी एक अडचण. प्रोफाइल एकच, आणि बायको म्हणते, "राहू दे, कधीतरी संपवीन." ती संपवणार नाही हे तिलाही माहीत आहे, मलाही. पण घरात 'राहू दे' म्हटलेल्या वस्तू कशा राहतात ते माळ्यावर चढलेल्या कुणालाही विचारा.

पुढे त्या सिरीजला पिल्लं झाली. "तुम्ही हे पाहिलंत म्हणून" अशा पाटीखाली तसलेच आणखी इन्स्पेक्टर, तसलीच निळसर अंधारी गावं, तसल्याच पावसात सापडलेल्या बॅगा. आम्ही पाच भाग वैतागत पाहिले, पण यंत्राला वैताग कळत नाही, त्याला फक्त भाग मोजता येतात. आणि काही महिन्यांनी मोबाइलवर आनंदाची बातमी: नवा सीझन आला आहे! थिएटरात पडलेला कुठलाही पिक्चर मला घरी फोन करून दुसऱ्या भागाचं आमंत्रण देत नाही.

अर्धवट राहिलेलं जास्त छळतं, यावर मानसशास्त्रात जुनं काम आहे. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगांवरून मांडलं की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेलं काम लोकांच्या जास्त लक्षात राहतं. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसंच आढळलं असं नाही, त्यामुळे मी त्याला नियम म्हणणार नाही. मुंबईकरांपुरता पुरावा 'सेक्रेड गेम्स'चा आहे. पहिला सीझन २०१८ च्या जुलैत आला आणि शहर वेडं झालं. २५ दिवसांत मुंबई वाचवायची होती. दुसरा सीझन १५ ऑगस्ट २०१९ ला आला, घसरला, आणि शेवटी बॉम्ब निकामी झाला की नाही तेही न सांगता थांबला. तिसरा आलाच नाही. पहिल्या सीझनमधले प्रसंग आठवणारे लोक अजून भेटतात, पण दुसऱ्याचा विषय निघाला की सगळ्यांना एकच आठवतं: त्यातला पोलीस इन्स्पेक्टर सरताज त्या बॉम्बसमोर बसलेला.

वाईट पिक्चरचं तसं होत नाही. 'शोले' १९७५ मध्ये लागला आणि ग्रँट रोडच्या मिनर्व्हाला पाच वर्षं हलला नाही. २००७ मध्ये त्यावरून 'राम गोपाल वर्मा की आग' काढला गेला. त्यातला एखादा प्रसंग कुणाला धड सांगता येईल असं मला वाटत नाही, पण नाव नुसतं उच्चारा, पन्नाशीच्या वरचा कुणीही हसतो. पिक्चर विसरला गेला, किस्सा उरला. माझ्या मते वाईट कलाकृतीचा याहून चांगला शेवट नाही.

हा किस्सा बनण्यात थिएटरातल्या लोकांचा हात मोठा असतो. दादरला किंवा बांद्र्याला सिंगल स्क्रीनला बसा. गंभीर प्रसंगात मागून कुणीतरी एक शेरा मारतो आणि तीनशे माणसं एकदम फुटतात. दिग्दर्शकाला न जमलेला विनोद प्रेक्षक पुरा करून देतात. बाहेर पडल्यावर अनोळखी माणूस मान हलवत म्हणतो, "काय पकवलं राव!" मग शिवाजी पार्कच्या बाजूला मिसळ, तिथे टेबलावर उरलेलं शवविच्छेदन, आणि गोरेगाव येईपर्यंत राग उतरलेला असतो. घरी सिरीज बघून वैतागलात तर सांगणार कुणाला? मित्र दुसऱ्या भागावर आहे, त्याला काही बोलायची सोय नाही. बहीण आठव्यावर आहे, ती म्हणते पुढे बघ. बोलायचंच राहून जातं.

रोजच्या मराठी मालिकांना या तुलनेत घेत नाही, कारण तिथे निवड आपली नसते. रिमोट आईकडे असतो आणि आठ वाजता ताट वाढलेलं असतं. शिवाय तिथल्या रखडण्याचाही लोकांनी किस्सा केलाच आहे. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या लांबलेल्या बाळंतपणावर व्हॉट्सॲपवर इतके विनोद फिरले की मालिका न बघणाऱ्यांनाही ते पाठ होते.

एक आक्षेप येईल: थिएटरातला पिक्चरही साधारण आठ आठवड्यांत ॲपवर येतोच, मग लाल रेघ तिथेही. खरं आहे. पण जो थिएटरात पाहून आलात तो घरी पुन्हा लावणार नाही, म्हणून त्याची रेघही उमटत नाही. ज्यांनी "ओटीटीवर येईल तेव्हा बघू" म्हणत वाट पाहिली आणि चाळीस मिनिटांत सोडला, त्यांच्याकडे तोही रांगेत उभा असतो.

तेव्हा घरची परिस्थिती तुमची, वेळ तुमचा. मी आग्रह करणार नाही. सिरीजच बघायची असेल तर एक करा. ॲपवर 'पाहुणे' नावाचं वेगळं प्रोफाइल उघडा आणि नवं काहीही आधी तिथे बघा. आवडलं तर आपल्या प्रोफाइलवर आणा. नाही आवडलं तर अख्खं प्रोफाइलच उडवा, इन्स्पेक्टर आणि त्याची पिल्लं एकदम जातात. आमच्याकडे आता हेच चालतं.

आणि माझ्यासारखं थिएटरकडे झुकत असाल तर दुपारचा शो घ्या. तिकीट बरेचदा स्वस्त पडतं, आणि पिक्चर पडला तरी संध्याकाळ हातात राहते. खुर्ची कडेची घ्या. पॉपकॉर्न मध्यंतराआधी अजिबात घेऊ नका. मांडीवर एवढा मोठा टब असला की माणूस उठत नाही.