चपलांच्या कपाटातला सर्व्हर

बाबांनी वर्षानुवर्षं काढलेले अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांचे (चित्ररथांचे) फोटो सात पेनड्राइव्ह आणि दोन मरतुकड्या हार्डडिस्कवर विखुरले होते. शेवटी इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरात, चपलांच्या कपाटात, स्टोरेज सर्व्हर (घरातल्या सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा छोटा संगणक) मीच जुळवला. इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा बोर्ड, ४ टीबीच्या दोन डिस्क, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही सर्व्हर चालवणारी मोफत प्रणाली. बोर्ड जेमतेम १७ बाय १७ सेंटीमीटर, ताटात मावेल एवढा.

बोर्डावर मी खूश आहे. प्रोसेसर ६ वॉटचा, त्यामुळे वर पंखाच नाही. डिस्क मात्र रात्री कुरकुरायच्या. खाली रबरी वॉशर लावले, तेव्हा आई म्हणाली, "गेला बाई उंदीर एकदाचा!"

डिस्कच्या खरेदीत हात पोळले. "सगळ्या सारख्याच असतात" म्हणत दुकानदाराने एक एसएमआर डिस्क गळ्यात मारली. तिच्यावरचे ट्रॅक, म्हणजे माहिती लिहायच्या पट्ट्या, कौलांसारखे एकावर एक चढलेले. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रेडमध्ये, म्हणजे दोन डिस्कवर तीच माहिती ठेवणाऱ्या जोडणीत, ती हातभर मागेच राहायची. भांडून बदलून आणली. घेताना सीएमआरच मागा, तिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढत नाहीत.

पहिल्या दिवशी फाइली पाठवायचा वेग सेकंदाला ११ एमबी! तीन तास सेटिंग उपसली आणि गुन्हेगार निघाली दाराखाली चेंगरलेली नेटवर्कची केबल. नवी लावताच ११०.

आरशासारख्या दोन प्रती असल्या तरी चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून जातो. म्हणून तिसरी डिस्क देवासला मावशीकडे, तिच्या साड्यांखाली.