एका थेंबाला अडीच हजार

आधी आकडा सांगून टाकते. १,१०,२०० रुपये. त्यातले वरचे २०० तपासणी फी. हो, पायांची आग बरी करतो म्हणून घरी येऊन लुटणाऱ्या भोंदू वैद्यानं वर फीसुद्धा घेतली. आणि मी पतसंस्थेत कॅशवर बसते. दिवसभर लोकांच्या नोटा मोजायच्या, संशयास्पद नोट उजेडात धरून बघायची, हे माझं काम. त्यामुळे ऑफिसात कळल्यापासून "मॅडम, तुम्हीसुद्धा?" ऐकून कान किटलेत. हसणाऱ्यांना एवढंच म्हणते, माझे पाय एक रात्र वापरून बघा आणि मग हसा.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात हे सुरू झालं. तळपायांची आग, बोटांना मुंग्या, मधूनच पोटरीतून करंट. पायात मोजे नसतानाही मोजे घातल्यासारखं वाटतं. रात्री चादरीचं टोक घासलं तरी जीव कळवळतो. साखर तपासली, ठीक. थायरॉइड ठीक. बी-१२ कमी निघालं, १७८. इंजेक्शनं घेतली, ते वर आलं, आग तिथंच. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथं एमआरआय, ७,५०० रुपये. कमरेचा एक मणका किंचित सरकलाय, "या वयात असतंच". मग नसांची एनसीव्ही, २,८०० रुपये. पायाला झटके देऊन घेतलेली ती तपासणी अगदी नॉर्मल. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबॅलिनच्या गोळ्या दिल्या आणि वर "टेन्शन घेऊ नका". घरचे पेढे वाटायच्या बेतात, आणि मी रात्री दोन वाजता मोरीत बसून पायावर तांब्यातांब्यानं पाणी ओततेय. नवऱ्याला वाटायचं मी फार मनाला लावून घेते. सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली.

अशा वेळी "मला कळलंय तुम्हाला काय झालंय" असं म्हणणारा माणूस भेटला की काय होतं, ते ज्याचं दुखणं कागदावर दिसत नाही त्यालाच समजेल.

ती बाई पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत भेटली. पन्नाशीची, कॉटनची साडी, मोत्याच्या कुड्या, बोलणं अगदी सदाशिव पेठी. "ताई, पायांची आग होते ना? रात्री जास्त? चादरही सहन होत नाही?" मी अवाक. तिच्या सासूबाईंना अगदी हेच होतं म्हणे, आणि आता त्या पर्वती चढतात. पैशांचा विषय नाही, कुठली जाहिरात नाही. मीच मागं लागून नंबर घेतला. नंतर भाच्यानं विचारलं, "मामी, नर्सनं तुझी माहिती विचारली तेव्हा ती कुठं बसली होती?" माझ्या मागच्याच बाकावर. चादरीचं वाक्य मी नर्सला जसं सांगितलं होतं, तसंच्या तसं तिनं मला परत ऐकवलं होतं. ओपीडीच्या बाहेर भर गर्दीत आपलं दुखणं मोठ्यानं सांगायला लावतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तुम्ही सांगू नका. कागदावर लिहून द्या. आणि एमआरआयचं ते मोठं पाकीट पिशवीत घाला, मिरवू नका.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. "वैद्यराज" मुंबईहून फक्त ठरावीक दिवशी येतात, दवाखान्यात नंबर लागत नाही, पण आमची ओळख सांगा, घरी येतील. मी नणंदेकडं कोथरूडला उतरले होते, तिथंच आले. पांढरा शर्ट, सोन्याच्या काडीचा चष्मा, बरोबर एक पोऱ्या. चपला बाहेर काढून आले, देवघराला नमस्कार केला. वैद्यानं माझे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि एकेक बोट दाबून बघितलं. डॉक्टरांनीही पाय तपासले होते, नाही असं नाही. त्यांनी हातोडी मारली, काटा लावला, आणि सगळं स्क्रीनकडं बघत संगणकाला सांगितलं. हा मला सांगत होता. "नसांमध्ये पू साठलाय. म्हणून मशीनमध्ये दिसत नाही. मशीन नस बघतं, नसेच्या आत बघत नाही." खोटं होतं, पण शेंडाबुडखा असलेलं होतं.

दर आधीच सांगितला, लपवला नाही. थेंबाला अडीच हजार. "पाच-सहा निघतील फार तर." मी मनात पंधरा हजार धरले. एमआरआय, एनसीव्ही आणि येण्याजाण्यावर त्याहून फार कमी गेले नव्हते, तेही काही हाती न लागता.

सतरंजीवर बसवलं. पिशवीतून वीतभर पितळी नळी काढली, एका तोंडाला पसरट. घोट्याजवळ ब्लेड फिरवल्यासारखं केलं, पसरट तोंड तिथं टेकवलं, दुसऱ्या टोकानं तोंडानं ओढलं आणि नळी टिश्यू पेपरवर उलटी झटकली. पिवळा, चिकट थेंब. पोऱ्यानं डायरीत रेघ मारली. पुन्हा नळी, पुन्हा थेंब, पुन्हा रेघ. हात इतका भराभर चालायचा, की मी कॅशवरची बाई असून मोजदाद सुटली. बारा-तेराला मी म्हटलं, बास. तो शांतपणे म्हणाला, "उघडलेली नस अशीच सोडली तर पाय काळा पडेल ताई. सही करून देता का?" नणंदेनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. उजव्या पायाचे १९, डाव्याचे १५.

आता तो क्षण. रोज रात्री तोच डोळ्यासमोर येतो. ज्या पायाला चादर सहन होत नाही, त्या पायावर ब्लेड फिरलं, पितळेची नळी रुतवली, आतून पू ओढला म्हणे, आणि मला काही झालं नाही. नळीचा गारवा तेवढा जाणवला. चिरलंच नव्हतं, म्हणून दुखलं नव्हतं. माझ्याच पायांनी मला सांगितलं, इतकं सरळ दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. आणि मी विचारलं बरं का! "मला दुखत कसं नाही?" त्याच्याकडं उत्तर तयार होतं: "तिथली नस मेलीये, म्हणूनच तर आलो." यावर तुम्ही काय बोलला असतात, सांगा. टिश्यूला हळदीचा वास होता, तोही नणंदेला आला. तिला वाटलं मलम असेल. दुसऱ्या दिवशी भाच्यानं मोबाईलचा टॉर्च लावून घोटे बघितले. ओरखडाही नव्हता.

हिशोब असा. ३४ थेंब, ८५,००० रुपये. शिवाय "नस भरून येण्यासाठी" भस्म, ग्रॅमला १,४००, वीस ग्रॅम, २८,०००. एकूण १,१३,०००. "बहिणीसारख्या आहात" म्हणून तीन हजार सोडले. रोख ११,५०० होते ते दिले. माझ्या खात्यातून ५०,००० यूपीआयनं, उरलेले ४८,५०० नणंदेच्या खात्यातून. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. म्हणाला, कंपाउंडरचं खातं. ऑफिसात असं खातं कुणी पुढं केलं असतं तर मी व्हाउचर परत केलं असतं. पण समोर गिऱ्हाईक असणं वेगळं आणि स्वतःचा पाय काळा पडेल ही धास्ती वेगळी. पिन टाकायच्या आधी वर आलेलं नाव वाचा आणि ते समोरच्याचं नसेल तर तिथंच थांबा, मग तो काहीही सांगो.

पैसे गेले ते गेले. जीवावर बेतलं असतं ते निराळंच. जाताना सांगून गेला, इंग्रजी औषधं आजपासून बंद. मी प्रीगॅबॅलिन एकदम बंद केलं. घाम, धडधड, झोप पार उडाली, आग दुप्पट. फोन केला तर म्हणे, "विष बाहेर पडतंय, शुभलक्षण आहे." ही गोळी एकदम तोडायची नसते, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची असते, हे गोळी लिहून देताना मला कुणीही सांगितलं नव्हतं. आणि भस्म म्हणजे काय होतं ते देव जाणे. नंतर दुसऱ्या डॉक्टर बाईंकडं गेले, त्यांनी ते ऐकून कपाळाला हात लावला आणि आधी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. शिसं, आर्सेनिक यांनी तर उलट नसाच खराब होतात. माझं शिसं मर्यादेत निघालं, नशीब. लेबल नसलेली पुडी कुणीही दिली, अगदी सख्ख्या मावशीनं दिली, तरी पोटात घालू नका.

या डॉक्टर बाईंनी मात्र पाच मिनिटांत जे समजावलं, ते आधीच कुणी समजावलं असतं तर माझे लाख रुपये वाचले असते. एनसीव्हीत जाड नसांचं काम दिसतं. आग, टोचणं, गरम-गार कळणं हे बारीक नसांचं काम, आणि त्या नसा त्या मशीनला दिसतच नाहीत. म्हणजे तपासणी नॉर्मल आणि पायाची आग खरी, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. त्या नसा बघायच्या तर घोट्याच्या वर कातडीचा बारीक तुकडा काढून त्यातले तंतू मोजतात, ती सोय मोजक्या ठिकाणी आहे. आणि तेवढं करूनही बऱ्याच जणांत कारण सापडत नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. माझंही अजून सापडलेलं नाही. पण "सापडलं नाही" आणि "काही नाहीये" यात फरक आहे, आणि त्या चोरानं नेमक्या त्याच फटीत हात घातला.

आता पोलीस. नणंदेच्या घराजवळच्या ठाण्यात गेलो. "बाई भेटली कुठं? हॉस्पिटलात? मग ती त्यांची हद्द." हॉस्पिटलच्या हद्दीतले म्हणाले, "पैसे कुठं दिले? घरी? मग परत तिकडंच." साताऱ्यात तर हात झटकूनच टाकले, घटना पुण्यातली. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलंय. भाच्यानं मोबाईलवर दाखवलं. उत्तर आलं, "आम्हाला कायदा शिकवता का?" मग प्रश्नांची फैर. पैसे स्वखुशीनं दिलेत ना? पावती आहे? धमकावलं का? नाही? मग गुन्हा कसला? अहो, धमकावलं असतं तर त्याला खंडणी म्हटलं असतं. फसवणुकीत माणूस स्वखुशीनंच देतो, म्हणून तर तिला फसवणूक म्हणतात! न्याय संहितेचं ३१८ कलम कशासाठी आहे? शेवटी "तक्रार अर्ज" घेतला, एफआयआर नाहीच. एक हवालदार हसू दाबत म्हणाला, "पाहिलं का ओ, थेंब मोजून घेतले होते का?"

१९३० ला, म्हणजे ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. तिथली मुलगी नीट बोलली, पण मधे बरेच दिवस गेले होते. "लगेच केला असता तर रक्कम त्या खात्यात अडवता आली असती." फसवले गेलात हे कळलं की रडणं नंतर, नवऱ्याला सांगणं नंतर, आधी १९३०. बँकेनं लेखी कळवलं, व्यवहार तुमच्याच पिननं झालाय.

औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात उरलेलं भस्म घेऊन गेले. त्यांनी पुडीला हात लावला नाही. लेबल नाही, बॅच नंबर नाही, उत्पादक नाही, मग कारवाई कुणावर करायची? म्हणजे लेबल लावून विष विकलं तर गुन्हा, लेबलाशिवाय विकलं तर मोकळं रान! त्यांना मी त्या माणसाचं पत्रक दाखवलं: "नसांचे सर्व विकार १०० टक्के बरे". १९५४ चा जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मज्जासंस्थेचे विकार आहेत, अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करणंच गुन्हा आहे. साहेबांनी पत्रक उलटसुलट केलं आणि म्हणाले, "यावर पत्ता कुठाय?" डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कचेरीत तर कळस. तो माणूस नोंदणीकृत नाही, म्हणून आमच्या अखत्यारीत येत नाही. नोंदणी असती तर कारवाई केली असती म्हणे.

घरी कुणी उपचाराला येत असेल तर नोंदणी क्रमांक आधी मागा आणि तो तपासूनच दार उघडा. थेंबावर, ग्रॅमवर, "जेवढं निघेल तेवढ्यावर" पैसे लावणाऱ्याला बसूसुद्धा देऊ नका. आणि आपल्या घरात कुणाचे रिपोर्ट नॉर्मल असून दुखत असेल तर त्याला वेडं ठरवू नका. माझ्या नवऱ्यानं त्या दुपारी बरोबर येतो म्हटलं असतं, तर तो पोऱ्या जिना चढलाच नसता. हे मी त्यांना ऐकवलंय.

परवा भाच्यानं त्याच्या मित्राच्या फोनवरून तो नंबर लावला. चालू आहे. तोच आवाज. "पायांची आग होते का? रात्री जास्त? पत्ता पाठवा, गुरुवारी पुण्यात आहे." भाच्यानं सगळं रेकॉर्ड केलं आणि आम्ही दोघं तसंच ठाण्यात गेलो, म्हटलं आता गुरुवारी सापळा लावा, आयता येतोय. ठाणे अंमलदारांनी अर्धं ऐकलं. मोबाईल परत देत म्हणाले, साहेब बंदोबस्तावर आहेत, शुक्रवारी या.